भारद्वाज, कुंभार कावळा, कुकुडकोंबा: पक्षी एकच ना?

सोनचाफा:
आमच्या मागच्या कुंपणावर रोज सकाळी एक भारद्वाज उन्हाला येऊन बसतो. कावळ्याहून मोठा, काळाभोर, पंख विटकरी, डोळे लालभडक. अंग शेकत पंख पसरून बसला की नजर हटत नाही. सासूबाई त्याला कुंभार कावळा म्हणतात. कोकणातून आलेल्या काकू म्हणाल्या, "अगो, हा तर कुकुडकोंबा!" परवा संस्कृत कोशात 'भरद्वाज' बघितला तर अर्थ दिलाय चंडोल. चंडोल मूठभर, मातकट, माळावरचा. मग हे नाव या एवढ्या मोठ्या पक्ष्याला कसं लागलं?

रानवाट:
ताई, प्रश्न फार आवडला. अमरकोशात 'व्याघ्राटः स्याद् भरद्वाजः' असं आहे, म्हणजे भरद्वाज हाच व्याघ्राट. आपट्यांच्या कोशात दोन्हींचा अर्थ चंडोल. पण व्याघ्राट म्हणजे वाघासारखा हिंडणारा! चंडोल गात गात सरळ आभाळात चढतो, त्याच्यात वाघ कुठे दिसतो? उलट आपला भारद्वाज जमिनीवर चालताना बघा. मान पुढे, लांब शेपूट मागे, एकेक पाऊल जपून टाकत झुडपाच्या बुंध्याशी शिरतो. थांबतो. कान देतो. पुन्हा दोन पावलं. गोगलगाय, सुरवंट, सरडा, दुसऱ्याच्या घरट्यातली अंडी, लहानसा साप, काही सोडत नाही. उडणं मात्र जडच, या झुडपातून त्या झुडपात एवढंच. हा पुरावा नव्हे, माझं मत आहे. पण मराठीनं हे नाव याला दिलं ते मला मनापासून पटतं.

आणि पुढची गंमत अशी की इंग्रजीतला 'कूकल' हा शब्द फ्रेंचमधून आला आहे. त्यात 'कुकू' म्हणजे कोकीळ आणि 'अलुएत' म्हणजे चंडोल असे दोन पक्षी जोडलेत. कारण याच्या मागच्या बोटाची नखी लांब नि सरळ, थेट चंडोलासारखी. 'सेंट्रोपस' हे शास्त्रीय नावही त्या नखीवरूनच, काटेरी पायाचा अशा अर्थानं. इकडे संस्कृत-मराठीत एकच नाव दोघांना मिळालं आणि तिकडे फ्रेंचांनी दोघांना एका शब्दात गुंफलं. एकमेकांशी काही संबंध नसताना! हे कळलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ हरखून बसलो होतो.

तळकोकणी:
कुकुडकोंबा हे नाव आवाजाचं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. पहाटे बांबूच्या बेटातून हूप् हूप् हूप् सुरू होतं. रिकाम्या रांजणात तोंड घालून हाक मारावी तसा खोल, घुमणारा आवाज. एकानं सुरुवात केली की पलीकडच्या आगरातून दुसरा साथ देतो. कुंभार कावळ्यातला कुंभार मात्र मला रंगातला वाटतो. भाजलेल्या मडक्याचाच रंग की तो. सोनकावळा म्हणणारेही आहेत. मल्याळममध्ये याला चेंबोत्त म्हणतात, आणि 'चेंब' म्हणजे तांबं. कोणाला मडकं दिसलं, कोणाला सोनं, कोणाला तांबं.

सोनचाफा:
किती सुंदर! पण 'कोकीळ' कसा काय? मग हासुद्धा अंडी कावळ्याच्या घरट्यात घालतो का?

रानवाट:
नाही हो, कूळ कोकिळेचं असलं तरी हा स्वतः संसार करतो. बांबूत, काटेरी झुडपात, कधी माडाच्या शेंड्यात पानं, गवत, काटक्यांचा मोठा गोळा बांधतो आणि दार बाजूला ठेवतो. बांधणीचं बरंचसं काम नराचं. अंडी पांढरी, बहुतेक वेळा तीनेक. साधारण 15-16 दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि दोघं मिळून त्यांना भरवतात. नर-मादी दिसायला सारखे, मादी किंचित मोठी. लहान पिल्लांच्या पंखांवर आडवे पट्टे असतात, त्यामुळे पुष्कळदा लोक त्यांना वेगळाच पक्षी समजतात.

लिहिण्याबद्दल एक विनंती. 'भारव्दाज' असं पाट्यांवर, मोबाइलवर सर्रास दिसतं. आधी द, मग व: भारद्वाज. भरद्वाज हे ऋषीचं नाव, त्यांच्या कुळातला तो भारद्वाज. त्या नावाचा एवढा तरी मान राखू या.

तळकोकणी:
मला मात्र कुकुडकोंबाच बरा. घरात भारद्वाज म्हटलं की आई विचारते, कोण पाहुणे आले?

सोनचाफा:
आज सकाळी दोघं आले होते. सासूबाईंना हाक मारली. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणून त्यांनी आधी हात जोडले. मग मी त्यांना पाय बघायला सांगितला. पक्षी कुंपणाच्या तारेवरून खाली उतरला, चार पावलं चालला, आणि मागची नखी स्पष्ट दिसली. लांब, सरळ. सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं बघतेय, पण पायाकडे कधी लक्षच गेलं नव्हतं बाई."