कटसीन आणि खेळाडूचा हात

व्हिडिओ गेममध्ये खेळ थांबवून मध्येच दाखवले जाणारे चित्रपटासारखे दृश्य म्हणजे कटसीन. अशी दृश्ये म्हणजे खेळाडूच्या हातून खेळ काढून घेणे, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. १९९७ सालच्या 'फायनल फँटसी ७'मध्ये खेळाडूच्या चमूतल्या एरिथ या तरुणीचा मृत्यू कटसीनमध्येच घडतो आणि तिथे आपल्याला काहीही करता येत नाही, हेच त्या प्रसंगाचे बळ आहे. शिवाय लगेच सुरू होणाऱ्या लढाईत नेहमीचे युद्धसंगीत न वाजता तिचीच धून चालू राहते, त्यामुळे दृश्य संपले तरी शोक संपत नाही. (एरवी त्याच खेळात फिनिक्स डाउन नावाची वस्तू वापरली की पडलेला सोबती उठून उभा राहतो, ही विसंगती मात्र मला आजही खटकते.)

खरी अडचण वेगळी आहे. अवघड लढाई आपण जिंकायची आणि पुढच्याच कटसीनमध्ये आपल्या पात्राने त्याच शत्रूपुढे गुडघे टेकायचे, असे झाले की केलेल्या कष्टांना अर्थ उरत नाही. याउलट 'मास इफेक्ट २' या खेळात (२०१०) काही संभाषणांच्या दरम्यान क्षणभर एक चिन्ह झळकते; तेवढ्यात बटण दाबले तर आपले पात्र मध्येच हस्तक्षेप करते, नाहीतर दृश्य तसेच पुढे सरकते, म्हणजे नुसते पाहत बसणे हीदेखील खेळाडूची निवड ठरते. राहिला प्रश्न लांबलचक कटसीनचा. हरल्यावर दर वेळी तेच दृश्य पुन्हा पाहायला लावणे आणि ते वगळण्याची सोय न देणे, याचे समर्थन मला तरी करता येत नाही.