चौसोपी जुन्या घराची दुरुस्ती: उक्तं द्यावं की मापावर?

पडवी_दापोली: सामाईक घर, चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) १८ इंची भिंती, मंगलोरी कौलं. वळचणीसकट छपराचं जमिनीवरचं माप २४०० चौरस फूट. चौकाच्या दोन कोपऱ्यांत गळती, तिथल्या वाशांची टोकं कुजलीत. मागच्या भिंतीचा सिमेंट गिलावा आतून फुगतोय. रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडीच्या ६० पायऱ्या. हाताशी १२ लाख आहेत. एकाने सगळं काम उक्तं (एकच ठोक रक्कम ठरवून) मागितलंय, निम्मे पैसे आधी. गेल्या वर्षीचा एकूण एक खर्च वहीत लिहिला, तरी आकडा हाताबाहेर गेला. या वेळी खर्च कसा आखू?

कौलारू: उक्तं देऊ नका. नव्या घराला ते चालतं, तिथे नकाशावर माप असतं. जुन्या छपरात कौलं उतरल्याशिवाय किती वासे गेलेत हे कुणालाच कळत नाही. मग काम घेणारा एकतर भीतीने दुप्पट धरतो, नाहीतर कमी धरून कुजका वासा रंग लावून झाकतो. माल तुमचा आणि मजुरी मापावर, असं ठरवा.

माप असं काढा. उतार ३० अंशांचा असेल तर २४०० ला १.१५ ने गुणायचं, म्हणजे २७६० चौरस फूट. १०० चौरस फुटांना साधारण १४० कौलं, म्हणजे ३८६०. फुटतूट १० टक्के धरून ४२५०. आढ्याचे कोने (वरच्या कण्यावरची कौलं) वेगळे मोजा. जुनी कौलं टिचकी मारून निवडा, खणखणीत वाजलं तर ठेवा. मात्र दोन कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत, खाचा जुळत नाहीत. म्हणून जुनी सगळी एका पाखीवर (छपराच्या एका उतारावर) आणि नवी दुसऱ्या पाखीवर. रिपांचं (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतरही हातात कौल घेऊनच ठरवा, जुन्या रिपांवर नवं कौल घालायला गेलात की वारा-पाऊस आत.

लाकडाचा हिशेब घनफुटात: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. १२ फुटी ६×४ ची तुळई म्हणजे २ घनफूट. वाशाचं नुसतं टोक कुजलं असेल तर पूर्ण वासा बदलायची गरज नाही, निरोगी लाकडापर्यंत कापून बाजूने जोड द्या. पण ते टोक भिंतीत सिमेंटने गच्च बसवू नका, हवा हवी.

चौकाचे कोपरे गळतात कारण दोन पाखींचं पाणी एकाच पन्हळीत येतं. पत्रा अरुंद पडतो, त्यात पालापाचोळा अडकतो. पत्रा रुंद घ्या आणि दोन्ही बाजूंनी कौलांखाली चांगला आत सरकवा.

पाखाडी: पायऱ्यांचा खर्च लोक विसरतात आणि तिथेच आकडा सुटतो. गाडी रस्त्यावर थांबते, पुढची वाहतूक डोक्यावरून. कौल, चिरा, वाळू, प्रत्येकाचा दर घरपोच आणि रस्तापोच असा दोनदा विचारा. पाडलेला माल खाली नेण्याचा खर्चही धरा. चिऱ्याचा अंदाज: १४×९×७ चा चिरा, ९ इंची भिंत, १०० चौरस फुटांना १३० ते १४०. तुमच्या १८ इंचीला दुप्पट. पावसात चिरेखाणी बंद, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच घ्या. खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, हवेवर घट्ट होतो.

चुनखडी: वहीवरून आठवलं. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन रोजचा खर्च अनेक दशकं टिपत होते, पण एकूण ताळा घेत नव्हते. व्हर्जिनियातलं त्यांचं घर, माँटिचेलो, १७६९ ला सुरू झालं, १७९६ पासून पाडून वाढवलं, १८०९ च्या सुमारास पुरं झालं. विटा जागेवरच भाजल्या, खिळे स्वतःच्या कारखान्यात, राबणारे गुलाम. तरी १८२६ मध्ये मृत्यूवेळी कर्ज १ लाख ७ हजार डॉलरच्या वर. काही सासऱ्यांकडून आलेलं होतं, सगळं घराचं नव्हे. पुढच्याच वर्षी १३० गुलाम माणसं लिलावात विकली गेली, १८३१ मध्ये घरही. तुमच्या वहीत तीन रकाने करा: ठरवलेलं, दिलेलं, अजून द्यायचं. तिसरा रकानाच खरी शिल्लक सांगतो. दर शनिवारी बेरीज.

१२ पैकी अडीच लाख बाजूला ठेवा, कौलं उतरून वासे मोजेपर्यंत त्याला हात नाही. आगाऊ १० टक्के, पुढचे पैसे झालेल्या मापाप्रमाणे, शेवटचे १० टक्के जुलैअखेर, गळत नाही हे पाहून.

पडवी_दापोली: आणि फुगलेला गिलावा? आधी तो करू की छप्पर?

कौलारू: छप्पर. काम दसऱ्यानंतर काढा, एका वेळी एकच पाख उघडी, एप्रिलअखेर बंद. मे महिन्यात वळवाचा भरवसा नाही. गिलाव्यासाठी आधी बाहेर बघा: परसातली माती जोत्याच्या वर चढली असेल तर ती उकरून पाणी जायला चर खणा, नाहीतर ओल परत येणार. मग सिमेंट खरवडून भिंत सुकू द्या आणि १ भाग चुना, ३ भाग धुतलेली नदीची वाळू असे दोन हात द्या. किनाऱ्यावरची वाळू चालणार नाही, मीठ बाहेर येतं.

पाखाडी: कर्ज काढणार असाल तर: राहत्या घराच्या दुरुस्तीकर्जावरच्या व्याजाची वजावट जुन्या करपद्धतीत वर्षाला ३०,००० पर्यंतच, बांधकामासारखी २ लाख नाही. आणि सामाईक घर म्हणता, तर बँक सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या मागेल. त्या कामाआधी घ्या.