परसात खाण्याजोगं काय लावू? (ऐरोली, १२ बाय २५ फूट)

ऐरोलीची_सून:
नमस्कार मंडळी. आमच्या रो हाउसच्या मागे १२ बाय २५ फुटांचं परस आहे. सध्या तिथे एक गंजकी सायकल, पाण्याचं पिंप आणि सासूबाईंची तुळस एवढंच नांदतंय. पावसाआधी तिथे फक्त खाता येतील अशी झाडं लावायची आहेत, पर्माकल्चर पद्धतीने. म्हणजे वर झाड, खाली झुडूप, त्याखाली कंद, आणि पाला तिथल्या तिथे जिरवायचा. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या एका बाईंचे व्हिडिओ बघते. तिकडेही पावसाळा संपला की सगळं कोरडंठाक. त्यांच्या यादीत शेवगा, तूर, रताळं, कसावा आहे. तेच लावू का? ऊन ११ ते ४. नळाला पाणी सकाळी तासभर. बजेट ३ हजार, माती-खत धरून. ठिबक नको, कुंड्या नकोत.

नेरुळवासी:
आधी ठिबक बसवा, बाकी नंतर. माझं टायमरवालं आहे, गावाला गेलो तरी बाग हिरवीगार. १८ हजार गेले, पण एकदाच. आणि ड्रॅगन फ्रूट लावा. सिमेंटचे चार खांब उभे केले की झालं. पहिलं फळ धरलं तेव्हा शेजारच्या सोसायटीतले लोक फोटो काढायला आले होते.

ऐरोलीची_सून:
दादा, बजेट ३ हजार आहे हो.

नेरुळवासी:
एकदाच होणारा खर्च आहे, ताई.

सुलूमावशी:
शेवगा दारात लावू नये म्हणतात. मागच्या दारीही नको. बाकी तुमची मर्जी.

काटेकोर:
मावशी, त्यामागे भूतखेत काही नाही. शेवग्याचं लाकूड पोचट, वाऱ्यात फांदी काडकन मोडते. शिवाय पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे झुबके बसतात, अंगाला लागले की आग आग होते. पण दरवर्षी शेंगा संपल्या की कंबरेएवढा छाटला तर घरावर काही पडत नाही आणि शेंगा हाताला येतात. जात पीकेएम-१ घ्या किंवा दापोली कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा.
आता मूळ प्रश्न. टाउन्सव्हिलला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे अडीच हजारांच्या आसपास, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबर. त्या बाईंची यादी कोरड्या दिवसांसाठी उत्तम आहे. पण ती झाडं तुमच्याकडे मे महिन्यात मरणार नाहीत, जुलैत मरतील. शेवगा, पपई, तूर, तिघांनाही मुळाशी तुंबलेलं पाणी सोसत नाही. पपईचा तर बुंधाच सडतो. तेव्हा काय लावू हे नंतर, आधी सांगा की मोठ्या सरीनंतर तुमच्या परसात पाणी कुठे उभं राहतं?

सुलूमावशी:
मी तेच म्हणतेय, शेवगा नको.

काटेकोर:
मी असं कुठेही म्हटलेलं नाही.

येऊर_पायथा:
लावा काहीही, खाणार माकडंच. आमच्याकडे पपईला पिवळी छटा आली की दुसऱ्या दिवशी देठ शिल्लक. केळीच्या घडाला गोणपाट बांधलं तर गोणपाट फाडून खाल्ला. उरतं काय? हळद, आलं, गवती चहा, कढीपत्ता, सुरण. सुरणाला हात लावत नाहीत बेटे.

नेरुळवासी:
ऐरोलीत माकडं कुठली? ड्रॅगन फ्रूटला काटे असतात, हा आणखी एक फायदा.

मुरबाड_वीकेंड:
१२ बाय २५ मध्ये पर्माकल्चर म्हणजे गंमतच आहे. आमचा मुरबाडला नुसता पाणी अडवायचा चर त्याहून लांब आहे. असो. कुंपणाला गिरिपुष्प लावा. फांदी खोचली की फुटते, हवेतला नत्र धरते, आणि पाला कापून आळ्यात टाकला की खत विकत घ्यायला नको. आमच्या २० गुंठ्यांत गेल्या वर्षी युरियाचा दाणा पडलेला नाही.

येऊर_पायथा:
तिला खाण्याजोगं हवंय. गिरिपुष्प उंदीर मारायला वापरतात.

मुरबाड_वीकेंड:
बी आणि साल वापरतात. मी काय कोशिंबीर करा म्हटलंय का?

काटेकोर:
मग हादगा लावा, तोही नत्र धरतो आणि फुलांची भाजी होते. फक्त वाऱ्याच्या तोंडावर नको, आडवा होतो.
आणि कसाव्याबद्दल कुणीच बोललं नाही. साबुदाणा ज्याचा करतात तोच कंद, पण कच्चा खायचा नाही. त्यातून सायनाइड सुटतं, कडू जातीत फार. सोलून भरपूर पाण्यात शिजवून पाणी फेकायचं. घरात लहान मुलं असतील तर त्यापेक्षा कोनफळ आणि रताळं बरं.

ऐरोलीची_सून:
पाणी बाथरूमच्या मोरीच्या कोपऱ्यात साचतं, दोन-दोन दिवस. काल तिथे फूटभर खणलं तर टाइलचे तुकडे, प्लास्टरचे गोळे आणि एक अख्खा बेसिनचा नळ निघाला.

मातीमोल:
सगळीकडे तेच. वर चार बोटं लाल माती, खाली डेब्रिज. प्लास्टरमधल्या चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते, मग लिंबू नि कढीपत्त्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक पाणी कमी पडलं समजून आणखी ओततात. अशी माती सुधारत बसू नका, वर चढा. त्या कोपऱ्यातली माती काढून उरलेल्या जागेत दीड फुटाचे वरंबे करा, म्हणजे खड्डाही झाला आणि उंचवटाही. खड्ड्याच्या काठाला केळी, आत अळू, न्हाणीचं पाणी तिकडे वळवा. वॉशिंग मशीनचं नको, त्यातल्या सोड्याने माती घट्ट होते. आणि जी पालेभाजी कच्ची खाता तिला हे पाणी घालू नका.
वरंब्यावर पपई, शेवगा. पपईचं रोप विकतच घ्या, घरचं बी लावलं तर निम्मी नर निघायची. दोघांच्या मधे तूर, खाली रताळ्याचे वेल, माती झाकली जाते. भिंतीच्या सावलीत हळद, आलं. सावलीत मोठं झाड हवं तर कोकम, पण कलमच घ्या. रोप नर निघालं की आयुष्यभर नुसती पानं मोजा. कोकण अमृता ही जात मागा.
उन्हाळ्यात ठिबकाऐवजी मडकी. बिनरंगाचं भाजलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी हळूहळू झिरपतं, दोन-तीन दिवसांनी भरायचं. तोंडावर वाटी उपडी घाला, नाहीतर डास होतात आणि डेंग्यूच्या तपासणीला आलेली माणसं नोटीस देऊन जातात.
केळीचे मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्लं) आणि अळूचे कंद विकत घेऊ नका. गावठाणात कुणाकडेही मागा, हसत देतात.

नेरुळवासी:
मडक्यांपेक्षा ठिबक स्वच्छ.

कोपरखैरणे_१:
धागा आत्ता बघितला. मातीमोल यांचं सगळं पटलं, पण आफ्रिकन गोगलगाईंचं काय? पहिल्या पावसानंतर रात्री टॉर्च घेऊन जा, पपईच्या कोवळ्या रोपाला मुठीएवढ्या चार-पाच लटकलेल्या दिसतील. सकाळी नुसती काडी. हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या, रोजच्या रोज. रोपांभोवती मीठ मात्र टाकू नका, रोपच जाईल. मी तर म्हणतो रोपं गुडघ्याएवढी होईपर्यंत बाटली कापून भोवती बसवा.

सुलूमावशी:
अगबाई, मिठात? पाप लागेल.

कोपरखैरणे_१:
मावशी, पत्ता द्या, बादलीभर आणून सोडतो तुमच्याकडे.

काटेकोर:
फणस, चिंच, आंबा असलं काही कुंपणाला चिकटून लावायचा विचार असेल तर थांबा. स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. आज ३०० रुपयांचं रोप, उद्या शेजाऱ्याची भिंत आणि अर्जांचे हेलपाटे.

मुरबाड_वीकेंड:
आमच्याकडे भिंतच नाही.

ऐरोलीची_सून:
सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते. मोरीशी खड्डा केला, केळी आणि अळू लावलं. मुनवे खरंच फुकट मिळाले, वर ताक प्यायला बसवून घेतलं. वरंबे दोन झाले, तिसऱ्याला माती पुरली नाही. पपई दोन, तूर, रताळं, हळद. मडकी चार. शेवग्याची फांदी आणली होती, ती सासूबाईंनी मावशींचा प्रतिसाद वाचून परत पाठवली.
आणि कुंपणाशी हापूसचं कलम लावलंय. सासूबाईंच्या भावाने राजापूरहून एसटीने पाठवलं. कायदा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, तोडायचंय कोणाला?
खर्च २,७४०.

काटेकोर:
हापूस एक वर्षाआड धरतो. आणि निदान भिंतीपासून दहा फूट आत हवा होता.

ऐरोलीची_सून:
दहा फूट आत म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात, काका.

सुलूमावशी:
आंबा चांगला. तोरणाला पानं होतात.

नेरुळवासी:
२६० रुपये उरलेत, चार ड्रिपर येतील.

कोपरखैरणे_१:
त्यापेक्षा तोंडलीचा वेल सोडा कुंपणावर, वर्षानुवर्षं टिकतो. फक्त फळ धरणाऱ्या वेलाचीच कांडी घ्या, तिच्यातही नर-मादी असते. माझ्याकडे आहे, रविवारी सकाळी या. येताना रिकामी पिशवी आणा, गोगलगाई देत नाही, घाबरू नका.

येऊर_पायथा:
मलाही हवी दोन कांड्या. तोंडली माकडं खातात का हो?