चक्कर मानेची नव्हे, कानाची असू शकते

वर एका ताईंनी लिहिलंय की कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि ‘मानेचा मणका’ म्हणून दोन महिने पट्टा नि गोळ्या चालू आहेत. ताई, एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच. माझ्या आईचं अगदी हेच झालं होतं.

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोकं हलताच चक्कर येते. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉ. जॉन एपली यांनी ठरावीक क्रमाने डोकं वळवून हे खडे नलिकेबाहेर काढायची रीत शोधली. सहकाऱ्यांचा विश्वास बसेना. त्यांचा शोधनिबंध छापून यायला 1992 उजाडलं! फार वाईट वाटतं वाचून.

डॉक्टरांनी आईला मान वळवून झटकन आडवं केलं, तेव्हा तिची बुबुळं थरथरताना मी पाहिली. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. पाचेक मिनिटांत सगळं उरकलं, आणि त्या रात्री ती निवांत झोपली.

पण ही रीत व्हिडिओ बघून घरी करू नका, आधी कुठल्या कानात दोष आहे ते कळायला हवं. आणि चकरेसोबत बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसलं किंवा हातपाय लुळे वाटले, तर थेट हॉस्पिटल गाठा.