सलामीवीर सहा डाव अपयशी: बसवायचा की क्रमांक बदलायचा?

डिचोलीकर
रविवारी वाळपईच्या संघाशी सामना आहे आणि निवड समितीत दोन तट पडले आहेत. लेदर बॉल, ४० षटकं, सिमेंटच्या पट्टीवर काथ्याची मॅट. आमचा उजवा सलामीवीर गेल्या सहा डावांत एकदाही वीसच्या पुढे गेलेला नाही. चार वेळा पायचीत किंवा त्रिफळाचित, दोनदा स्लिपमध्ये झेल. उलट सातव्या क्रमांकावर येणारा यष्टिरक्षक प्रत्येक सामन्यात धावा करतोय. एक गट म्हणतो त्यालाच सलामीला पाठवा, दुसरा म्हणतो जुन्या खेळाडूला अजून दोन सामने द्या. शिवाय डावरा फिरकीपटू ३० षटकांनंतर फार मार खातोय. जाणकारांनी नेमकं सांगावं.

स्कोअरबुक
डिचोलीकर, सहा डावांची बेरीज बाजूला ठेवा. तो बाद कसा झाला ते तुम्ही लिहिलंय आणि उत्तर त्यातच आहे.

मॅटवर उसळी जास्त असते. टप्पा जरा आखूड पडला की चेंडू स्टंपांवरून जातो. त्यामुळे मॅटवर कुणी पुन्हा पुन्हा पायचीत किंवा त्रिफळाचित होत असेल, तर तो बहुतेक वेळा पुढे टाकलेल्या चेंडूवर होतोय. म्हणजे ज्या चेंडूवर सरळ ड्राइव्ह मारायचा, त्यावरच तो सापडतोय. याची दोन कारणं संभवतात. एक, उसळीच्या धास्तीने वजन मागच्या पायावर राहतंय. दोन, पुढचा पाय गोलंदाजाकडे न जाता कव्हरच्या दिशेने आडवा पडतोय. पाय आडवा पडला की आत येणाऱ्या चेंडूला बॅट पॅडला वळसा घालून न्यावी लागते, आणि ती उशिरा पोचते.

त्याचा गार्ड, म्हणजे स्टंपांसमोर उभं राहण्याची जागा, कुठला आहे तेही बघा. मिडल स्टंपचा गार्ड घेऊन चेंडू सुटायच्या आधी तो ऑफकडे सरकत असेल, तर डोकं ऑफ स्टंपच्या बाहेर जातं आणि मिडल-लेगवरचा चेंडू फ्लिक करायला जाऊन तो पॅडवर घेतो. अशा वेळी लेग स्टंपचा गार्ड घ्यावा. सरकल्यानंतरही डोकं ऑफ स्टंपवरच राहील.

सरावाला १८ यार्डांवरून थ्रोडाउन, म्हणजे हाताने फेकलेले चेंडू, द्या, एका वेळी १२ चेंडू, असे चार सेट. चेंडू नवाच घ्या, जुन्या चेंडूवर ही चूक दिसत नाही. पुढचा पाय जिथे आडवा पडतो तिथे एक स्टंप आडवा ठेवा. पाय त्याला लागला की तो चेंडू बाद धरायचा, मग फटका कितीही चांगला बसलेला असो. मारायचं फक्त मिडऑन आणि मिडऑफच्या मधे.

मात्र लेग स्टंपच्या गार्डमुळे बाहेरच्या चेंडूकडे हात ताणला जातो आणि तुमचे ते स्लिपचे झेल वाढतील. म्हणून पहिली पाच षटकं ऑफ स्टंपबाहेरचं सगळं सोडायचं, असं त्याला स्पष्ट बजावा. दोष एवढा ठळक दिसत असताना त्याला बसवणं मला पटत नाही. बाकावर बसून पाय सरळ होत नाही.

पर्वरीचा प्रेक्षक
स्कोअरबुक, तंत्राबद्दल मान्य, पण आठवड्याभरात पाय सुधारत नाही आणि सामना रविवारी आहे. मी त्याला पाचव्या क्रमांकावर नेईन. तोवर चेंडू २० षटकं जुना झालेला असतो, स्विंग गेलेला असतो.

क्रमांक बदलल्याने खेळाडू उभा राहतो याची मोठी उदाहरणं आहेत. आपल्या मडगावचे दिलीप सरदेसाई १९६५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध मुंबईत सलामीला येऊन नाबाद २०० करणारे. मधे ते संघाबाहेर गेले. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात मधल्या फळीत आले आणि किंग्स्टनला ५ बाद ७५ वरून एकनाथ सोलकरांना घेऊन डाव उभा केला, स्वतः २१२. त्या मालिकेत ६४२ धावा. कोलकात्यात २००१ मध्ये लक्ष्मणने पहिल्या डावात सहाव्या क्रमांकावर ५९ केले, फॉलोऑननंतर त्याला तिसऱ्यावर आणलं आणि द्रविडला सहाव्यावर नेलं. त्यांनी अनुक्रमे २८१ आणि १८० केले.

स्कोअरबुक
तीच उदाहरणं माझ्या बाजूने जातात. लक्ष्मण पहिल्या डावात चांगला खेळला होता, म्हणून त्याला वर आणलं. दोष लपवायला नव्हे. आत येणारा चेंडू पाचव्या क्रमांकावरही येतो, तिथे तो ऑफस्पिनर टाकतो. पाय आडवाच पडत असेल तर पायचीत तिथेही होणार.

मॅटखालचं सिमेंट
दोघांनीही यष्टिरक्षकाचा विचार केलेला नाही. ४० षटकं म्हणजे किमान २४० बैठका, त्याही आपल्या दमट हवेत. मग अर्ध्या तासात पॅड बांधून नव्या चेंडूसमोर उभं राहायचं? पाय जड झाले की तोही दुसऱ्या-तिसऱ्या षटकातच जाईल, आणि तुम्ही चालता सातवा क्रमांकही गमावाल. दोन क्रम लिहून ठेवा. आधी फलंदाजी आली तर तो सलामीला आणि जुना सलामीवीर पाचवा. आधी क्षेत्ररक्षण आलं तर जुनाच सलामीला, लेग स्टंपच्या गार्डने, आणि यष्टिरक्षक पाचवा. नाणेफेक होईपर्यंत दोघांनाही दोन्ही क्रम माहीत हवेत.

आता फिरकीपटू. तुमची पट्टी उत्तर-दक्षिण असेल असं धरतो. दुपारनंतर वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. उत्तरेकडून टाकलं तर उजव्या फलंदाजाची लेग बाजू पश्चिमेला येते. तुमच्या फिरकीपटूला मिडविकेटवरून उचलायचं तर वळणाच्या उलट आणि वाऱ्याच्याही उलट मारावं लागतं, असे फटके सीमेच्या आत पडतात. दक्षिणेकडून टाकलं तर तोच फटका वारा सीमेपार नेतो. तो मार खातोय ते कुठल्या टोकाकडून, हे स्कोअरबुकात नसेल तर पंचांना विचारा. आणि त्याला ३० षटकांसाठी राखून ठेवू नका, १० ते २५ मधेच त्याची आठ षटकं संपवा.

मॅट सकाळी स्वतः ताणून घ्या. सैल राहिली की चेंडू तिच्यात रुतून थांबून येतो आणि वळतो, तुमच्या फिरकीला ते बरं वाटेल, पण दोन टप्प्यांवर दोन उसळ्या मिळतात आणि पहिल्यांदा मरतो तो सलामीवीर. आधी दोन्ही टोकांचे खिळे ठोका, मग बाजूचे.

डिचोलीकर
स्कोअरबुक तपासलं. मागच्या तीन सामन्यांत फिरकीपटूने सगळी षटकं दक्षिणेकडूनच टाकली आहेत. पट्टी उत्तर-दक्षिणच आहे. दोन्ही क्रम आज लिहून कर्णधाराला देतो. थ्रोडाउन उद्या सकाळी सातला, नवा चेंडू काढलाय. लेग स्टंपच्या गार्डची सवय नसल्याने सलामीवीर कुरकुर करेल, त्याला पहिले १२ चेंडू फक्त सोडायला लावू का?

स्कोअरबुक
हो. सोडलेल्या प्रत्येक चेंडूनंतर त्याला विचारा, ऑफ स्टंप कुठे होता. बोट दाखवून बरोबर सांगता आलं की मग बॅट चालवू द्या.