मायग्रेन: कपाळावरचं यंत्र की दंडावरचं? वापरलेल्यांनी कृपया सांगा

नमस्कार मंडळी,

चौदा वर्षं झाली, मायग्रेन आहे. महिन्यातले नऊ-दहा दिवस त्यातच जातात. ट्रिप्टानची गोळी लागू पडते, पण ती महिन्यात 10 किंवा जास्त दिवस अशी महिनोन्‌महिने घेतली तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं, असं डॉक्टरांनी बजावलंय. माझ्या वहीत गेल्या महिन्यात गोळी घेतलेल्या दिवसांच्या नऊ खुणा आहेत. म्हणून आता नसांना सौम्य विजेची स्पंदनं देणारं यंत्र घ्यायचा विचार चाललाय.

सेफाली नावाचं यंत्र भुवयांच्या वर कपाळावर चिकटवतात, ते ट्रायजेमिनल नसेच्या (चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या) शाखांवर काम करतं. दुखू नये म्हणून रोज 20 मिनिटं, दुखत असताना 60. त्याच्या 2013 सालच्या चाचणीत 67 रुग्ण होते. तीन महिन्यांनी खरं यंत्र लावणाऱ्यांपैकी 38 टक्के लोकांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले, नुसतं नावापुरतं यंत्र लावलेल्यांत 12 टक्के. माझ्यासाठी हा फरक लहान नाही.

पण खरी अडचण पुढेच आहे. दुखणं चढलं की मला डाव्या बाजूच्या केसांना कंगवासुद्धा लावू देववत नाही, उशी टोचते. कपाळावरचं यंत्र एकदा लावून पाहिलं, तेही दुखत नसताना. आधी मुंग्या आल्या, मग सुया टोचल्यासारखं व्हायला लागलं, अकराव्या मिनिटाला काढलं. स्पंदनांचा वाढत जाणारा जोर बटण दाबून आहे तिथेच थांबवता येतो हे मला नंतर कळलं.

दुसरं यंत्र नेरिव्हियो, ते दंडावर बांधतात, 45 मिनिटं, आणि दुखणं सुरू झाल्यापासून तासाभरात. दंडावरच्या स्पंदनांनी मेंदूची स्वतःची वेदना दाबणारी यंत्रणा जागी होते म्हणे. डोक्याला हात लागत नाही, म्हणून मन तिकडे ओढतंय. माझं दुखणं मात्र बरेचदा पहाटे झोपेतच सुरू होतं. जाग येते तेव्हा तास उलटून गेलेला असतो.

तर ज्यांच्या डोक्याची कातडी अशी हुळहुळी होते, त्यांना कपाळावरच्या यंत्राची सवय झाली का, किती दिवसांत? दंडावरचं उशिरा लावूनही कुणाला उतार पडलाय का? आणि गोळ्या खरोखर कमी झाल्या का, महिन्याला किती, हे नक्की लिहा. पेसमेकर वगैरे मला काही नाही, ते डॉक्टरांनी आधीच विचारून घेतलंय.