यंदाचा हिवाळा कसा असेल? नागपूर परिसरातील अंदाज आणि अनुभव

कोजागरी उलटली, ऑक्टोबरचा उकाडा ओसरू लागला आणि पहाटे अंगावर चादर ओढावी लागते आहे, त्यामुळे घरोघरी एकच विषय निघतो आहे. पाऊस भरपूर झाला म्हणून थंडीही कडाक्याची पडेल, असे काहीजण सांगतात; ला निनाच्या बातम्या वाचलेले लोकही तेच म्हणतात, तर शहरात आता पूर्वीसारखी थंडी उरलीच नाही, असे जुन्या वस्त्यांतील ज्येष्ठांचे मत आहे. माझ्या मते या तिन्ही बोलण्यांत एक गोष्ट सुटते. नागपूरची थंडी चार महिने सलग कधीच नसते. ती चार-सहा दिवसांच्या टप्प्यांनी येते, मध्ये ढग दाटतात, रात्री उबदार होतात आणि पुन्हा उत्तरेचा वारा सुटतो. त्यामुळे हिवाळा कसा जाईल या प्रश्नाचे खरे उत्तर असे टप्पे किती येतील, कोणत्या पंधरवड्यात येतील आणि मध्ये पाऊस पडेल का, यात आहे.

आपण कोणती खूण पाहून अंदाज बांधता, ती पूर्वी कशी ठरली आणि थंडीवर आपले नेमके काय अवलंबून आहे, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. यंदाचा अंदाज कारणासह दिल्यास फार उपयोग होईल.

निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, धरमपेठ

२९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि ७ जानेवारी १९३७ चा ३.९ अंशांचा जुना विक्रम मोडला. त्या पहाटे मी गच्चीवर होतो. माझ्या तापमापीतील पारा पाचच्या रेषेखाली उतरला होता, आकाशात ढगाचा पुंजका नव्हता आणि रात्रभर उत्तरेकडून वाहणारा वारा पहाटे पूर्ण पडला होता. ही शेवटची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. थंड, कोरडी हवा वारा आणून देतो, पण पारा तळाला जातो तो वारा थांबल्यावर, कारण तेव्हा जमिनीची उष्णता निरभ्र आकाशात निघून जाते आणि जमिनीलगतचा थर गारठत जातो. ढगांची गोधडी असली की ही उष्णता अडून राहते.

आपल्याकडील कडाक्याची सुरुवात फार दूर होते. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारा कमी दाबाचा पट्टा, हिमालयात बर्फ टाकून पूर्वेकडे सरकला की त्याच्या मागून थंड हवा मैदानात उतरते, मध्य प्रदेश ओलांडते आणि सातपुडा पार करून आपल्यापर्यंत येते. म्हणून मी नागपूरचा आकडा पाहण्याआधी बैतूल, छिंदवाडा आणि शिवनीचे आकडे पाहतो. तिथे पारा सलग दोन रात्री घसरला आणि आपल्याकडे वारा उत्तरेचा असला, तर एक-दोन दिवसांत नागपुरात फरक पडतो. ही खूण मला बहुतेक वेळा उपयोगी पडली आहे, परंतु ती दोन दिवसांपुरतीच आहे; तिच्यावरून संपूर्ण मोसम सांगता येत नाही.

ला निनाविषयीही लिहितो. प्रशांत महासागराच्या मध्य आणि पूर्व भागातील पाणी सरासरीपेक्षा थंड होते तेव्हा त्याला ला निना म्हणतात आणि अशा वर्षी उत्तर भारतात थंडी जास्त पडण्याकडे कल असतो. मात्र कल म्हणजे वेळापत्रक नव्हे. बंगालच्या उपसागरात एखादे चक्रीवादळ उठले की दमट हवा विदर्भापर्यंत येते आणि आठवडाभर रात्रीचे तापमान चढे राहते. ५ डिसेंबर २०२३ रोजी मिचाँग चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा आपल्याकडेही आभाळ भरून आले होते. हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज नोव्हेंबर संपता संपता देतो, त्यातही मोठ्या प्रदेशासाठी शक्यता सांगितलेल्या असतात. तो अंदाज तसाच वाचावा.

संत्रा बागायतदार, काटोल तालुका

आमच्याकडे थंडीवर दोन बहार टांगलेले असतात. आंबिया बहाराचे, म्हणजे गेल्या हिवाळ्याच्या शेवटी फुललेले, फळ या दिवसांत झाडावर असते आणि रात्री गार झाल्याशिवाय त्याच्या सालीला रंग चढत नाही. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असे पंधरा दिवस मिळाले की हिरवट पिवळे फळ केशरी होते आणि बगीच्याचा सौदा करायला आलेला व्यापारी भाव पाडून मागत नाही. नोव्हेंबर उबदार गेला, तर फळ आतून गोड असूनही बाहेरून हिरवे राहते आणि कळमन्याच्या बाजारात त्याची किंमत कमी होते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पुढच्या आंबिया बहारासाठी आम्ही डिसेंबरमध्ये झाडांचे पाणी तोडतो, म्हणजे बगीचा ताणावर सोडतो. पाने मलूल होऊन थोडी गळू लागली की ताण पुरेसा बसला असे समजायचे आणि जानेवारीत खत देऊन पाणी सुरू करायचे. त्यानंतर फूल फुटते. या ताणाला थंडीची मोठी मदत होते, कारण थंडीत झाडाची वाढ आपोआप थांबते. ताण चालू असताना अवकाळी पाऊस पडला, तर झाडाला मिळू नये ते पाणी मिळते, फुलाऐवजी नवती (कोवळी पालवी) फुटते आणि संपूर्ण वर्षाचा बहार हातचा जातो. भारी काळ्या जमिनीत ओल लवकर सुटत नाही, म्हणून तिथे ही भीती दुप्पट असते. यंदा पाऊस उशिरापर्यंत रेंगाळल्याने माझ्या खालच्या बांधातील माती अजून मुठीत दाबली की गोळा होते. शिक्षकांना माझा सरळ प्रश्न आहे : पाणी नेहमीच्या वेळी तोडावे की आठ-दहा दिवस आधी?

गारपिटीविषयी लिहायला हात उचलत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ आणि फेब्रुवारी २०१८ या दोन्ही वेळी विदर्भात गारा पडल्या. मृग बहाराचे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेले, तोडणीला आलेले फळ अशा वेळी झाडावरच फुटते आणि नवीन फूल जमिनीवर पडते. हिवाळ्याचा अंदाज सांगताना लोक थंडीविषयी बोलतात. आम्हाला हिवाळ्याच्या शेवटी काय होणार, याची काळजी असते.

पक्षीनिरीक्षक, मानेवाडा

पक्षी लवकर आले म्हणजे थंडी जास्त पडणार, असे दरवर्षी ऐकू येते. उमरेडच्या बाजूला पारडगाव, सायकी अशा तलावांवर पट्टकदंब हंस उतरतात, चक्रवाक येतात, आणि धोबी पक्षी तर त्यांच्या बरेच आधी शहरातील मैदानांवर शेपटी हलवत फिरू लागतो. परंतु हे पक्षी हिमालयापलीकडील थंडीमुळे आणि दिवस लहान होऊ लागल्यामुळे निघतात. त्यांच्या येण्यावरून तिथले हवामान थोडे कळते, नागपूरचा जानेवारी कळत नाही. तलाव काठोकाठ भरलेला असला की काठाचा चिखल कमी उघडा राहतो आणि चिखलात चारा शोधणारे पक्षी उशिरा दिसतात, एवढे मात्र यंदा नक्की होईल.

शेतकरी, हिंगणा तालुका

आमच्या वावरात तूर, हरभरा आणि थोडा गहू आहे, आणि या तिघांचे थंडीशी असलेले नाते वेगवेगळे आहे. कोरडवाहू हरभरा थंडीवर आणि दवावर पोसतो. गव्हाला फुटवे यायचे असतील तर सुरुवातीला चांगली थंडी लागते, आणि दाणा भरताना ऊन तापले की तो बारीक राहतो. तुरीला थंडी चालते, ढग चालत नाहीत. फुलोऱ्यात चार दिवस आभाळ राहिले की शेंगा पोखरणारी अळी वाढते. सकाळी ओळीतून चालताना फुलांच्या गुच्छावर टाचणीच्या टोकाएवढी पांढरट अंडी दिसतात आणि मग फवारणीशिवाय गत्यंतर नसते. पहाटे धुवारी (धुके) दाट पडली तर फूलच गळते. म्हणून पतंगांना गंधाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात रोज किती पतंग पडले, हे आम्ही थंडीच्या आकड्यापेक्षा जास्त काळजीने पाहतो.

जास्त पाऊस म्हणजे जास्त थंडी, हे गावात सगळेच म्हणतात. माझा अनुभव निराळा आहे. जमिनीत ओल जास्त असलेल्या वर्षी आमच्या नाल्याकाठी धुवारी जास्त पडते, अंगाला गारठा झोंबतो, पण पारा फार खाली जात नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अवकाळी पाऊस झाला, तेव्हा वेचणीला आलेला कापूस पऱ्हाटीवर भिजून पिवळा पडला. त्या वर्षापासून मी वेचणी पुढे ढकलत नाही. यंदा डिसेंबरमध्ये धुवारीचे दिवस जास्त असतील, असे मला वाटते.

स्वेटर-शालींचे दुकानदार, सीताबर्डी

आम्हाला हिवाळ्याचा अंदाज उन्हाळा संपता संपता बांधावा लागतो, कारण लुधियानाकडे मालाची मागणी तेव्हाच नोंदवायची असते आणि नंतर मागितलेला माल वेळेवर येत नाही. अंदाज हुकला तर भांडवल वर्षभर कपाटात अडकते. आमच्या धंद्यात पारा किती खाली गेला यापेक्षा तो कधी गेला, हे महत्त्वाचे असते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तीन-चार गार रात्री आल्या की घरातील सगळ्यांसाठी खरेदी होते. तीच थंडी १० जानेवारीनंतर आली तर लोक जुन्या स्वेटरवर निभावून नेतात, कारण संक्रांत आली की थंडी जाणार, हे प्रत्येकाच्या मनात असते. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा मुंबई-कोकणाकडील माणसे मोठ्या संख्येने येतात आणि त्यांच्यापैकी अनेकांनी साधी शालही आणलेली नसते. त्या दिवसांत शालींची विक्री ठरलेलीच असते, थंडी कशीही असो. यंदा मी जाड जॅकेट कमी आणि हातविणीच्या धर्तीचे अर्धे स्वेटर जास्त मागवले आहेत. थंडीचे टप्पे आखूड येतील, या समजुतीने.

परिचारिका, उत्तर नागपूर

विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि थंडी त्यांच्यासाठी केवळ गैरसोय नसते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकतात आणि हाडांमध्ये, सांध्यांमध्ये असह्य वेदना सुरू होतात. आमच्या कक्षात अशा वेदनांनी दाखल होणारी मुले थंडीच्या पहिल्या टप्प्यात जास्त येतात, कारण घरच्यांनी लोकरीचे कपडे अजून काढलेले नसतात आणि थंडीत पाणी पिणेही कमी झालेले असते. डिसेंबरमध्ये दुपारी २८-२९ अंश असतात, मुले एका सदऱ्यावर शाळेत जातात आणि संध्याकाळी उघड्या गाडीवरून परततात. या फरकाचा त्रास दम्याच्या वृद्ध रुग्णांनाही होतो.

म्हणून मी मोसमाच्या अंदाजावर थांबत नाही. दिवाळीनंतर लगेच या मुलांच्या पालकांना सांगते की टोपी, मोजे बाहेर काढा, पाणी कोमट करून वारंवार द्या आणि दुखणे सुरू होताच रुग्णालयात या, रात्र निघू देऊ नका.

रात्रपाळीचे कामगार, बुटीबोरी

वर्तमानपत्रात येणारे तापमान सोनेगावच्या विमानतळाजवळचे असते. रात्रपाळी संपवून वर्धा रोडने दुचाकीवर येताना मोकळ्या शिवारात हातमोज्यांतही बोटे बधिर होतात आणि अजनी ओलांडून जुन्या शहरातील महाल भागाकडे वळलो की तीच पहाट सुसह्य वाटते. सिमेंटचे रस्ते आणि दाट इमारती दिवसाची उष्णता धरून ठेवतात. शहरातली थंडी गेली म्हणणाऱ्या ज्येष्ठांचे निरीक्षण इतवारी-महालापुरते खरे आहे. शहराबाहेर थंडी आहे तिथेच आहे.

निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, धरमपेठ

काटोलच्या बागायतदारांच्या प्रश्नाला उत्तर देतो आणि त्यातच माझा अंदाजही येईल. हिंगण्याच्या ताईंचे निरीक्षण शास्त्राला धरून आहे; ओली माती उष्णता धरून ठेवते आणि हवेतील बाष्प रात्रीचे तापमान फार खाली जाऊ देत नाही. त्यामुळे डिसेंबरच्या मध्यापर्यंत पारा सरासरीच्या आसपास राहील आणि खरा कडाका डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते संक्रांत या काळात एक-दोन टप्प्यांनी येईल, असे मला वाटते. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल तेव्हा थंडीची लाट मानली जाते. आपली या दिवसांतील सरासरी १२-१३ अंश धरली तर त्यासाठी पारा आठच्या आसपास किंवा खाली यायला हवा. तो एखाद्या टप्प्यात येईल, असे मी धरून चाललो आहे. २०१८ ची पुनरावृत्ती होईल, असे मानण्यासारखे मला काही दिसत नाही.

आपल्या खालच्या बांधात ओल टिकून असेल तर पाणी आठ-दहा दिवस आधी तोडणे मला सयुक्तिक वाटते, म्हणजे थंडीच्या टप्प्याला झाड आधीच ताणावर असेल. वरच्या हलक्या जमिनीत नेहमीचीच वेळ ठेवावी. तरी लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपुरातच आहे. दोन्ही बांधांतील माती घेऊन तिथल्या तज्ज्ञांना एकदा विचारावे आणि ताण तोडायच्या, म्हणजे पुन्हा पाणी सुरू करायच्या, आधीच्या आठवड्यात उपसागराकडे लक्ष ठेवावे.